दाजी म्हणतात पृथ्वी आपोआप तापतेय, त्यांना काय सांगायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या भाषेत मांडतो, चुकत असेन तर टोका. जळगावचे तुमचे दाजी, स्वतः इंजिनिअर, फॅमिली ग्रुपवर सतत फॉरवर्ड टाकतात की पृथ्वी पूर्वीपासूनच कधी तापत कधी गार होत आलीय, कार्बन डायऑक्साइड हवेत जेमतेम ०.०४ टक्के आहे तो काय करणार, खरा खेळ सूर्याचा, थर्मामीटर शहरात अडकलेत म्हणून आकडे फुगलेत, आणि वर एक नोबेल मिळालेला शास्त्रज्ञसुद्धा हेच म्हणतो. तुम्हाला हवंय की माणसाचा वाटा नक्की किती टक्के ते एका आकड्यात सांगा आणि दाजींशी बोलायचं कसं तेही सांगा.

मी बरीच वर्षं तापमानाच्या नोंदी तपासायचं काम केलंय, म्हणजे जुनी रजिस्टरं, त्यातले शाईने लिहिलेले आकडे, कुठे ६ चा ० झालाय, कुठे निरीक्षकाला सगळं .० नाहीतर .५ वर नेऊन ठेवायची सवय आहे, असलं सगळं शोधून काढणं. त्यामुळे मी या प्रश्नाकडे थोडा कारकुनी नजरेने बघतो. मॉडेल बनवणारे लोक वेगळे, त्यांच्याइतकं गणित मला येत नाही, पण आकडा कुठून आला आणि त्यावर किती विश्वास ठेवायचा हे मात्र नीट सांगता येतं.

टक्केवारी आधीच देऊन टाकतो कारण सगळे तिथेच अडकतात. आयपीसीसीच्या, म्हणजे हवामानबदलावरच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या, २०२१ च्या अहवालानुसार १८५०-१९०० च्या सरासरीच्या तुलनेत २०१०-२०१९ या दशकात जग साधारण १.०६ अंश सेल्सिअसने तापलं होतं, आणि त्यात माणसामुळे झालेली वाढ धरली आहे १.०७ अंश, मर्यादा ०.८ ते १.३. म्हणजे जवळजवळ सगळीच. सूर्य आणि ज्वालामुखी मिळून उणे ०.१ ते अधिक ०.१ च्या मध्ये, म्हणजे शून्याच्या आसपास. आणि गंमत अशी की फक्त हरितगृह वायूंचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडसारख्या उष्णता अडवणाऱ्या वायूंचा, हिशोब धरला तर वाढ १ ते २ अंशांची येते, मग धूर, गंधकाचे कण वगैरे प्रदूषण सूर्यप्रकाश अडवून त्यातली काही खाऊन टाकतं. म्हणून कोणी "वायूंचा वाटा ११० टक्के" असं म्हटलं तर हसू नका, हिशोबाने ते शक्य आहे. "निम्मं निसर्ग, निम्मा माणूस" असं म्हणून भांडण मिटवायचा मोह होतो घरात, पण आकडे त्या बाजूला अजिबात नाहीत.

आता खरी अडचण कुठे आहे बघा. दाजी आणि तुम्ही तापमानाच्या रेषेवरून भांडताय, रेषा वर गेली का नाही, किती गेली. रेषा वर गेली एवढ्यावरून कोणी केलं हे कधीच कळत नाही, त्यात दाजींचं म्हणणं रास्त आहे. सूर्य तापला असता तरी रेषा वर गेली असती, समुद्राने साठवलेली उष्णता बाहेर टाकली असती तरी गेली असती. कारण ओळखायचं तर प्रत्येक संभाव्य कारणाला विचारावं लागतं की बाबा तू हे केलं असतंस तर तापमानाशिवाय आणखी कुठे काय दिसलं असतं? या पद्धतीला गणिती पाया घातला क्लाउस हासेलमान यांनी, आणि त्यांना २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, स्युकुरो मानाबे आणि जॉर्जिओ पारिसी यांच्यासोबत. दाजी ज्यांचं नाव सांगतात ते बहुतेक जॉन क्लाउसर असणार, त्यांना २०२२ चं नोबेल मिळालं ते क्वांटम एंटँगलमेंटच्या प्रयोगांसाठी. मोठा माणूस, पण हाडाच्या डॉक्टरकडून कोणी डोळ्याचं ऑपरेशन करून घेत नाही, असो.

तर एकेक कारण घेऊ.

सूर्य. १९७८ पासून उपग्रहांवरून सूर्याची ऊर्जा थेट मोजली जातेय, दर चौरस मीटरला साधारण १३६१ वॅट, आणि ११ वर्षांच्या चक्रात ती जेमतेम एखाद वॅटने वरखाली होते. १९८० नंतर तापमान सर्वात वेगाने वाढलं आणि त्याच काळात सूर्याची ऊर्जा वाढलेली नाही, उलट २००८ ते २०१९ चं चक्र गेल्या शंभरेक वर्षांतलं सगळ्यात मवाळ चक्रांपैकी होतं. एवढ्यावरही दाजी थांबणार नाहीत, म्हणतील मोजमाप चुकलं असेल. ठीक आहे, मग वातावरणाच्या वरच्या थरात जाऊ. सूर्य जास्त तापला असता तर आपल्या डोक्यावरची हवाही तापली असती आणि त्याच्या वर १५-२० किलोमीटरपासून सुरू होणारा स्ट्रॅटोस्फिअरसुद्धा तापला असता. कार्बन डायऑक्साइड वाढला तर मात्र खाली गरम आणि वर गार व्हायला पाहिजे, कारण खालून येणारी उष्णता खालीच जास्त अडकते आणि वरच्या विरळ हवेतला वायू आपली उष्णता अवकाशात जास्त जोरात फेकतो. मानाबे आणि वेदरल्ड यांनी हे १९६७ मध्ये, त्यावेळच्या अगदी साध्या मॉडेलवर, लिहून ठेवलं होतं. नंतर उपग्रहांनी आणि फुग्यांनी मोजलं तर खाली गरम, वर गार, तेच निघालं. स्ट्रॅटोस्फिअरच्या खालच्या भागात ओझोन कमी झाल्यामुळेही गारवा आला, तो भाग वेगळा काढावा लागतो, पण अगदी वरच्या थरातला गारवा ओझोनवर ढकलून भागत नाही. माझ्या मते हा सगळ्यात कडक पुरावा आहे आणि फॉरवर्डमध्ये याला उत्तर मी आजवर तरी बघितलेलं नाही, लोक सरळ विषय बदलतात.

समुद्र. एल निनो म्हणजे पॅसिफिक महासागराचं पाणी दर काही वर्षांनी तापणं, पॅसिफिकची दशकांची चक्रं, हे सगळं खरं आहे, आणि त्याचा पाया आपल्याच हवामान खात्यात घातला गेलाय. गिल्बर्ट वॉकर १९०४ ते १९२४ इथल्या वेधशाळांचे प्रमुख होते, पावसाचा अंदाज बांधायच्या नादात त्यांनी सदर्न ऑसिलेशन, म्हणजे एल निनोशी जोडलेला हवेच्या दाबाचा झोका, शोधलं, त्यावेळी मुख्यालय सिमल्याला होतं, १९२८ ला ते पुण्यात आलं, पुण्याचं सिमला ऑफिस म्हणतात ते हेच. पण एल निनो उष्णता तयार करत नाही, समुद्रातली वर आणून हवेला देतो. म्हणजे जग समुद्राच्या चक्रामुळे तापत असतं तर समुद्रातली उष्णता कमी व्हायला हवी होती, एका खिशातून दुसऱ्या खिशात गेली असती. होतंय उलटं. २००० च्या आसपासपासून आर्गो नावाचे तरंगते यंत्रमानव समुद्रात सोडलेत, आता सुमारे ४ हजार आहेत, २ किलोमीटर खोल जातात, मोजत मोजत वर येतात आणि उपग्रहाला आकडे देतात. पृथ्वीवर साठलेल्या जादा उष्णतेतली ९० टक्क्यांच्या आसपास समुद्रातच जाऊन बसलीय. हवाही तापतेय आणि समुद्रही तापतोय म्हणजे उष्णता बाहेरून येतेय किंवा बाहेर जायची कमी झालीय, आणि बाहेरून येणाऱ्याचा हिशोब आपण वर केलाच.

बाहेर जायची कमी झाली हे सुद्धा थेट बघितलंय बरं का. १९७० ला निंबस-४ नावाच्या उपग्रहाने पृथ्वीवरून निघणाऱ्या अवरक्त किरणांचा, म्हणजे उष्णतेच्या किरणांचा, पट्टा मोजला होता, कुठल्या तरंगलांबीला किती बाहेर जातात ते, १९९७ ला जपानी उपग्रहावरच्या यंत्राने परत मोजला, दोन्ही शेजारी ठेवले तर नेमक्या कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन अडवतात त्या तरंगलांबींच्या जागी घट दिसते. २००१ मध्ये हे छापून आलं. दाजी इंजिनिअर आहेत तर त्यांना हे आवडेल, यात मॉडेल वगैरे काही नाही, दोन मोजमापं आणि एक वजाबाकी.

आता ते ०.०४ टक्के. हवेतला नायट्रोजन, ऑक्सिजन आणि आर्गन मिळून कोरड्या हवेच्या ९९.९ टक्क्यांहून जास्त भाग व्यापतात आणि उष्णतेच्या किरणांना जवळपास अजिबात अडवत नाहीत, त्यामुळे एकूण हवेत टक्का किती हा आकडाच गैरलागू आहे. अडवतात ते पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन असले थोडे वायू. युनिस फूट यांनी १८५६ मध्ये उन्हात ठेवलेला कार्बन डायऑक्साइड साध्या हवेपेक्षा जास्त तापतो हे दाखवलं आणि जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये हे वायू उष्णतेचे किरण अडवतात हे प्रयोगशाळेत मोजलं, म्हणजे टिंडल यांच्या वेळी आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू होऊन सहाच वर्षं झाली होती, एवढी जुनी गोष्ट आहे ही. हे वायू नसते तर पृथ्वीची सरासरी उणे १८ अंशांच्या आसपास असती, आहे अधिक १५ च्या आसपास. वाफेचा वाटा सगळ्यात मोठा हे बरोबर, पण वाफ हवेत साधारण आठवडा-दहा दिवस राहते आणि पाऊस होऊन खाली येते, हवा तापली तरच जास्त वाफ टिकते, एका अंशाला साधारण ७ टक्के. म्हणजे वाफ स्वतः सुरुवात करत नाही, दुसऱ्याने सुरू केलेलं वाढवते.

पुढचा मुद्दा ते काढतीलच की निसर्ग दरवर्षी माणसाच्या वीसेक पट कार्बन डायऑक्साइड सोडतो. खरं आहे. पण सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचं बघा, रोज हजारो लिटर येतं, रोज तेवढंच वापरलं जातं, पातळी तीच. त्यात कोणी एक बारीक पाइप जादा सोडून ठेवला तर येणाऱ्या पाण्यापुढे तो काहीच नाही, पण टाकी भरून वाहणार ती त्या पाइपमुळेच. जंगलं आणि समुद्र देतात तेवढं परत घेतात, किंबहुना हल्ली थोडं जास्तच घेतायत, आपण सोडलेल्यातला साधारण निम्मा भाग तेच शोषतात आणि समुद्र त्यामुळे आम्लाकडे झुकतोय. कोळसा, तेल, गॅस, सिमेंट मिळून आपण वर्षाला ३७ अब्ज टनांच्या आसपास सोडतो, ज्वालामुखी याच्या एक टक्काही नाहीत. १९५८ ला हवाईतल्या मौना लोआवर चार्ल्स कीलिंग यांनी मोजायला सुरुवात केली तेव्हा दहा लाख भागांत ३१५ भाग होते, आता ४२० च्या पुढे गेलेत, आणि बर्फात अडकलेल्या जुन्या हवेवरून औद्योगिक काळाआधी २८० होते हे कळतं. हा वाढीव कार्बन आपलाच कशावरून? तर कार्बन-१४ हा किरणोत्सारी प्रकार ५७३० वर्षांत निम्मा होतो, कोट्यवधी वर्षं जुन्या कोळशात तो उरतच नाही, आणि झाडांपासून बनलेल्या इंधनात कार्बन-१३ हा थोडा जड प्रकार सुद्धा कमी असतो. हवेतलं दोन्हीचं प्रमाण त्याच पद्धतीने पातळ होत गेलंय. शिवाय हवेतला ऑक्सिजन अगदी थोडा थोडा घटतोय, काहीतरी जळतंय म्हणून. समुद्रातून वायू नुसता बुडबुडून वर आला असता तर ऑक्सिजन असा घटला नसता.

थर्मामीटर शहरात अडकलेत हा मुद्दा माझ्या कामाचा, त्यामुळे यावर जरा बोलतो. शहरं तापतात, पूर्ण खरं. पुण्यात शिवाजीनगरच्या वेधशाळेभोवती चारी बाजूंनी शहर वाढलंय, मुंबईत कुलाबा आणि सांताक्रूझचे आकडे त्याच दिवशी दोन-तीन अंशांनी वेगळे येऊ शकतात. थर्मामीटर ठेवलेली पेटी हलवली, पेटीशेजारी इमारत उठली, पाऱ्याचा थर्मामीटर जाऊन स्वयंचलित यंत्र आलं, की आकड्यांत पायरी पडते आणि ती शोधून काढणं हेच तर काम असतं, शेजारच्या स्टेशनांशी ताडून बघायचं, एकट्याच स्टेशनने उडी मारली असेल तर हवामान बदललेलं नाही, काहीतरी जागेवर झालंय. लोकांना वाटतं या दुरुस्त्या करून आम्ही तापमान वाढवतो. पूर्ण जगाचा विचार केला तर दुरुस्त्यांमुळे एकूण वाढ थोडी कमीच दिसते, कारण जुन्या काळी जहाजांवर बादलीने पाणी काढून मोजायचे, बादलीत ते गार व्हायचं, म्हणून जुने समुद्राचे आकडे वर उचलावे लागतात. आणि पृथ्वीचा ७१ टक्के भाग समुद्र आहे, तिथे कुठलं शहर? कॅलिफोर्नियाचे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर हेच आक्षेप घेऊन उभे राहिले होते, त्यांनी बर्कली अर्थ नावाचा स्वतंत्र प्रकल्प काढला, काही पैसा कोळसा-तेलवाल्यांशी जोडलेल्या फाउंडेशनचाही होता, आणि २०१२ पर्यंत त्यांनी जाहीर करून टाकलं की वाढ खरी आहे आणि जवळपास सगळी माणसाची आहे. अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठाच्या जॉन क्रिस्टी आणि रॉय स्पेन्सर यांची उपग्रहाची नोंद संशयवादी लोक फार वापरतात, तीसुद्धा दर दशकाला साधारण ०.१५ अंशाने वरच जातेय.

पृथ्वी पूर्वी पण तापली होती याला नाही म्हणूच नका, तिथे तुम्ही हरता. हिमयुगं आली गेली ती पृथ्वीच्या कक्षेच्या आणि आसाच्या हजारो वर्षांच्या फेऱ्यांमुळे. बर्फाच्या नोंदीत दक्षिण ध्रुवाकडे आधी तापमान आणि मग कार्बन डायऑक्साइड वाढलेला दिसतो हेही बरोबर, कारण तेव्हा सुरुवात कक्षेने केली, समुद्राने वायू सोडला आणि त्याने तापमान आणखी ढकललं. आज वायू आधी वाढलाय. वेग पण बघा, शेवटचं हिमयुग संपताना जग पाच-सहा अंश तापायला दहा हजार वर्षांच्या घरात वेळ लागला, आपण दीडशे वर्षांत एक अंश ओलांडलाय आणि त्यातला बराचसा गेल्या पन्नास वर्षांत. कक्षेच्या हिशोबाने तर आत्ता हळूहळू गार व्हायला पाहिजे होतं. १९७० च्या दशकातल्या "हिमयुग येणार" बातम्यांचं म्हणाल तर मासिकांनी ते गाजवलं, शास्त्रीय लेखांमध्ये त्याही वेळी तापण्याच्या बाजूचे जास्त होते.

आता जळगाव. दाजी म्हणतात मी लहानपणापासून मे महिन्यात ४५ बघतोय, काय नवीन? आणि त्यांचं हे निरीक्षण मी खोटं म्हणणार नाही. अलवरला १९५६ मध्ये ५०.६ अंश नोंदलेत, तो देशाचा विक्रम २०१६ ला फलोदीने ५१ करून मोडेपर्यंत साठ वर्षं टिकला. एका गावचा उन्हाळा वारा कुठून आला, आभाळ होतं का, वळीव किती पडला यावर हलतो आणि तो हेलकावा जागतिक वाढीपेक्षा कितीतरी मोठा असतो. शिवाय भारत जगाच्या सरासरीपेक्षा कमी तापलाय, १९०१ ते २०१८ मध्ये साधारण ०.७ अंश, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी संपादित केलेल्या २०२० च्या सरकारी अहवालात आहे हे. कारण धूर, धूळ, आणि उत्तरेकडची प्रचंड सिंचनाची शेती, ओली जमीन दुपारचा पारा धरून ठेवते. जमिनीवर असं, पण हिंद महासागराचा उष्णकटिबंधातला भाग १९५१ ते २०१५ मध्ये सरासरी एक अंशाने तापला, जगाच्या समुद्रांपेक्षा जास्त. त्यामुळे दाजींच्या अंगणातून जगाचा निकाल लागत नाही, आणि तुम्ही "यंदा किती उकडतंय बघा" म्हणता तेव्हा तुमचाही लागत नाही, हे पण ऐकून घ्या. दोघं एकाच चुकीच्या जागी भांडताय.

वाद संपलाय असं मी म्हणत नाही, तो दुसरीकडे सरकलाय. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर अखेर किती तापेल याची १९७९ ची मर्यादा १.५ ते ४.५ अंश होती, २०२१ ला ती २.५ ते ४ वर आली, म्हणजे चाळीस वर्षांनंतरही दीड अंशाची फट आहे, मुख्यतः ढगांमुळे. धुराने नक्की किती गारवा दिला यावर जोरदार मतभेद आहेत. २०२३ ला तापमानाने अचानक उडी मारली, त्यात एल निनो किती, २०२० पासून जहाजांच्या इंधनातला गंधक ३.५ वरून ०.५ टक्क्यावर आणला त्याने गंधकाचे कण कमी होऊन किती फरक पडला, यावर अजून चर्चा चालू आहे. पावसाबद्दल, आणि त्यातही आपल्या मान्सूनबद्दल, तापमानाइतक्या खात्रीने कोणी बोलत असेल तर मी जरा सावध होतो. दाजींना वाद घालायचाच असेल तर इथे घाला म्हणावं, इथे खरंच मजा आहे.

बोलायचं कसं, तर हे माझ्या अनुभवावरून सांगतो आणि ते माणसावर अवलंबून आहे. ग्रुपवर बोलू नका, दहा नातेवाइकांसमोर कोणी मत बदलत नाही, चहाला बसल्यावर काढा. एका वेळी एकच मुद्दा, सूर्य तर सूर्य, ते दुसऱ्यावर उडी मारायला लागले की "आधी वरचा थर गार का झाला ते सांगा ना दाजी" म्हणून तिथेच परत आणायचं. आणि सुरुवातीलाच विचारून ठेवा की काय दाखवलं तर तुम्ही मान्य कराल. "काहीच नाही" असं उत्तर आलं तर जेवा आणि क्रिकेटवर बोला, कारण मग तो वाद टॅक्स, पेट्रोल, सरकार, पाश्चात्त्य देश आपल्याला विकास करू देत नाहीत यावरचा असतो. त्यातली जबाबदारी कोणाची किती ही तक्रार बऱ्याच अंशी रास्तही आहे, पण त्याचा थर्मामीटरशी संबंध नाही.

दाजींना आकडे स्वतः बघायला आवडत असतील तर हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाच्या साइटवर १९५१ पासूनचं रोजचं कमाल-किमान तापमान एक-एक अंशाच्या चौकोनांत फुकट मिळतं. जळगावचा चौकोन घ्या, कमाल आणि किमान वेगळे ठेवा, ऋतू वेगळे ठेवा, दहा-दहा वर्षांच्या सरासरी काढा. १९९८ किंवा २०१६ सारखं एल निनोचं वर्ष सुरुवातीला धरू नका, शेवटालाही धरू नका, नाहीतर रेषा हवी तशी वाकवता येते. एका चौकोनाचा फार अर्थ लावू नका, शेजारचे आठही काढा, आणि एक्सेलमध्ये ९९.९ सारखे आकडे दिसले तर ती उष्णतेची लाट नाही, त्या दिवशीची नोंद नाहीये एवढाच त्याचा अर्थ, ते आधी उडवा.